स्तुती ओठांवर येत नाही, म्हणजे विश्वास उडाला का?

"मॅडम, देवाची स्तुती करायला बसते आणि तोंडातून शब्दच फुटत नाही. माझा विश्वास उडालाय का?"

हा प्रश्न माझ्यापुढे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. आखातातली नोकरी सुटून घरी बसलेला तरुण विचारतो, रिडेव्हलपमेंटमध्ये भाडं थकलेलं कुटुंब विचारतं, बारावीत अडकलेल्या मुलीची आई विचारते. मी मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका चर्चच्या आवारात समुपदेशनाला बसते. येणारे बहुतेक मराठी बोलणारे कॅथलिक, काही गावठाणातले ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती, काही वसईकडचे. प्रार्थनागटात त्यांनी ऐकलेलं असतं की येशूचा प्रचार करणाऱ्या पौल आणि सीला यांनी फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री स्तोत्रं गायली आणि बेड्या गळून पडल्या. बायबलमध्ये, प्रेषितांच्या कृत्यांत सोळाव्या अध्यायात ते आहेच. पण माणूस घरी जाऊन त्याचं गणित उलटं मांडतो. बेड्या तुटल्या नाहीत, अर्थात माझं गाणं कमी पडलं.

त्यांतल्या एका बाईंविषयी लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नाव मार्थाबाई ठेवते, आणि ते मुद्दाम ठेवते. का ते पुढे येईल.

मार्थाबाईंच्या यजमानांचं डायलिसिस चालू होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी चार तास. पिण्याच्या पाण्यावर बंधन, म्हणून सकाळी एका बाटलीत दिवसभराचं पाणी भरून बाईंनी तिच्यावर रबरबँड चढवलेले: दुपारपर्यंत इथवर, संध्याकाळपर्यंत इथवर. चारच्या सुमाराला यजमान रबरबँड हळूच खाली सरकवायचे आणि ती चोरी रोज पकडली जायची. घरातून सुके बोंबील हद्दपार झाले होते. या सगळ्याचं रडगाणं बाई गात नव्हत्या. त्यांचं दुखणं बुधवारचं होतं. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नित्य साहाय्य मातेची, म्हणजे मरियेची, नोव्हेना असते, नऊ वेळा करायची प्रार्थना, अख्खी मुंबई तिथे लोटते, त्यात ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ. बाईंनी नऊ बुधवार धरले होते. सातवा झाला, आणि डायलिसिसचे वार ठरले.

"आठवा चुकला मॅडम. म्हणून तर किडनी सुधारली नाही."

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"किडनी परत काम करणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं."

"आधी म्हणजे कितव्या बुधवारी?"

बाई गप्प झाल्या. नंतर पुटपुटल्या, "पहिल्याच्याही आधी."

माझी बैठक मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीची आहे. एलिस स्वतः देव मानत नव्हते, आणि त्यांचं शिक्षण घेऊन मी चर्चच्या आवारात बसते याची आमच्या काही फादरांना गंमत वाटते. मला मात्र त्यात कधी अडचण आली नाही. माणसाला घटनेपेक्षा तिच्याभोवतीचा हट्ट जास्त छळतो, हे त्यांचं म्हणणं मला रोज समोर दिसतं. मार्थाबाईंचा हट्ट असा होता की संकटात मला आनंद वाटलाच पाहिजे, न वाटला तर मी कच्ची ख्रिस्ती. आजारपणाचं ओझं होतंच, त्यावर या परीक्षेत नापास झाल्याचं ओझं त्यांनी आपल्या हाताने चढवलं होतं.

ते दिवस उपवासकाळाचे, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या तपश्चर्येचे होते. मिस्सात, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, एरवी आलेलूया हा स्तुतीचा जयघोष गातात. मी सहज विचारलं, "रविवारी मिस्सात आलेलूया गायलात?"

"उपवासकाळात आलेलूया कुठे असतं मॅडम? ते एकदम ईस्टरच्या आदल्या रात्री."

"मग इतके दिवस ख्रिस्तसभेचा विश्वास उडालेला असतो का?"

बाई पहिल्यांदा हसल्या.

पुढच्या भेटीत मी बायबलमधलं तेरावं स्तोत्र काढून ठेवलं. सहाच ओव्या आहेत, आणि पहिल्या दोनांत 'कुठवर, परमेश्वरा?' हा सवाल चार वेळा आहे. तू मला विसरलास का, तोंड का फिरवलंस, असं थेट देवाला. मी म्हटलं, मोठ्याने वाचा. त्या तयार होईनात. "देवाला असं विचारायचं?" मी म्हटलं, दोन हजारांहून जास्त वर्षं लोक हे प्रार्थना म्हणून विचारत आले आहेत. मग त्यांनी सुरू केलं, शाळेत धडा वाचावा तसं. दुसऱ्या ओवीवर आवाज अडकला. पुस्तक मिटून त्यांनी मांडीवर घेतलं आणि समोरच्या भिंतीवरच्या क्रुसाकडे बघून, माझ्याकडे नाही, आपल्या घरच्या बोलीत भांडायला लागल्या. "माणूस आजारी केलास. मुलाचं लग्न अडवलंस. आणि माझा बुधवार होता तो, तोसुद्धा घेतलास ना?" बराच वेळ हे चाललं. मी मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी डोळे पुसून त्यांनी पुस्तक उघडलं आणि म्हणाल्या, "आता पुढचं वाचते. पुढे स्तुती आहे ना?"

मी म्हटलं, "आज नको. आज इथेच थांबा."

हे मला त्या क्षणी सुचलं आणि पुढे अनेकांच्या उपयोगी पडलं. हे स्तोत्र शेवटी परमेश्वराचं गीत गाण्यावर येतं खरं, पण चौथ्या आणि पाचव्या ओवीच्या मधे काय घडलं ते कुठेच दिलेलं नाही. शत्रू हरला, आजार बरा झाला, असं काही नाही. मधे एक रात्र गेली की दहा वर्षं, कोण जाणे. आपण त्या दोन ओव्या एका श्वासात वाचतो आणि जगण्यातही एका श्वासात उडी मारायला बघतो. आणि अठ्ठ्यांशीवं स्तोत्र तर सरळ काळोखातच संपतं. चर्चच्या दैनिक प्रार्थनाविधीत शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी ते म्हटलं जातं, वर स्तुतीचा मुलामा न चढवता.

सर्वस्व गमावलेल्या बायबलमधल्या ईयोबाचं आपण 'परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं' तेवढं पाठ करतो. तोच ईयोब तिसऱ्या अध्यायात स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन त्याला पानंच्या पानं उपदेश करतात, आणि शेवटी बेचाळिसाव्या अध्यायात देव म्हणतो की माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, तुम्ही नाही. बेथानीची मार्थाही लाजरच्या मरणानंतर येशूला सामोरी जाऊन आधी तक्रारच करते, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता म्हणून. त्याच बोलण्यात पुढे 'आपण ख्रिस्त आहात' ही तिची साक्ष येते. भांडायला का होईना, ती त्याच्याचकडे गेली. माझ्या मते भांडणारा माणूस देवापासून लांब गेलेला नसतो. अबोला धरणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते.

राहिली स्तुती. मिस्सातल्या आभारप्रार्थनांपैकी, म्हणजे सामान्य प्रस्तावनांपैकी, चौथीत स्वच्छ म्हटलंय की देवाला आमच्या स्तुतीची गरज नाही, तिने त्याच्या थोरवीत भर पडत नाही, ती आमच्याच तारणाला उपयोगी पडते. म्हणजे थकबाकी भरायचा प्रश्नच नाही. मी लोकांना सांगते, आधी खरं काय ते बोला, तक्रार असली तर तक्रार. स्वतःच्या शब्दांची ताकद नसेल तर दुसऱ्याचं स्तोत्र वाचा, मन लागलं नाही तरी चालेल. गटात सगळ्यांचे हात वर असताना तुमचे खाली राहिले तर खाली राहू द्या.

ईस्टरनंतर कधीतरी मार्थाबाई जरा ओशाळून म्हणाल्या, "सोमवारी डायलिसिसच्या आधी त्यांचं वजन केलं. पाणी सांभाळलं होतं, वजन फार वाढलं नव्हतं. माझ्या तोंडून 'प्रभू, तुझी स्तुती असो' निघून गेलं. मी म्हटलं नाही हां, निघालं."

एक गोष्ट मात्र स्तोत्रांवर सोडू नये. झोप आठवडेच्या आठवडे उडाली, खाणं सुटलं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जावं. नैराश्य म्हणजे अविश्वास नव्हे. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ वर आहे.

आणि 'स्तुती करा' म्हणणाऱ्यांनी त्याआधी एवढं विचारावं की दवाखान्यात तुमच्याऐवजी कोणी बसायला हवंय का. मार्थाबाईंच्या प्रार्थनागटाला मी हेच विचारलं होतं. थोडी शांतता, थोडी कुजबुज, आणि मग दोघीजणी पुढे आल्या. आता बुधवारी त्या आळीपाळीने डायलिसिसला बसतात आणि बाई माहीमला जातात. मोजणं सोडा, असं मी सांगून पाहिलं. ऐकत नाहीत. परवाचा पाचवा होता.