डॉग शोसाठी पहिली लेन्स घेताना

डॉग शोचे फोटो काढायला कोणती लेन्स घेऊ, असं विचारलंस. आधी एक सांगतो, लगेच महागड्या लेन्सवर मोठा खर्च करू नकोस. आपल्याकडचे बरेच शो हिवाळ्यात, उघड्या मैदानावर होतात. सकाळच्या उन्हात तुझ्याकडची ५५-२५० मिमी झूम (लांबचं जवळ आणणारी लेन्स) मस्त चालते. शो हॉलमध्ये असेल तरच एफ २.८ वाली (जास्त उजेड आत घेणारी) ७०-२०० झूम लागते. तीही वापरलेली घे, नाहीतर तूर्त ८५ मिमी एफ १.८ (झूम नसलेली, पण कमी उजेडात चालणारी) लेन्सवर भागव. ती बरीच स्वस्त पडते.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- १८-५५ (कॅमेऱ्यासोबत मिळणारी छोटी लेन्स) घेऊन जवळ जायचं. मग डोकं भलंमोठं, पाय आखूड. कॅरावान हाउंडसारख्या सडपातळ, लांब पायांच्या कुत्र्याची सगळी ऐटच जाते. लांब उभा राहा, झूम कर.
- उभ्यानेच फोटो काढायचे. गुडघ्यावर बस, लेन्स कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीला आण. (जुनी पँट घाल!)
- शटरचा वेग कमी ठेवायचा. कुत्रा धावताना १/१००० सेकंद तरी हवा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे.
- रिंगजवळ (कुत्रे परीक्षकाला दाखवतात त्या जागेजवळ) फ्लॅश मारायचा. कुत्रा बिचकतो, त्याला फिरवणारा हँडलर चिडतो.

टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारा जोड), मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) वगैरे नंतर बघू. या रविवारी आहे तीच लेन्स घेऊन जा.