हिब्रू संदेष्ट्यांची गर्विष्ठ राष्ट्रांविषयीची वचने म्हणजे केवळ शत्रूंना दिलेले शाप आहेत का?

यशया, यिर्मया आणि यहेज्केल या संदेष्ट्यांच्या, म्हणजे देवाचा संदेश लोकांना सांगणाऱ्यांच्या, ग्रंथांत अश्शूर, बाबेल, मिसर (इजिप्त), सोर (टायर) इत्यादी राष्ट्रांविरुद्ध जी लांबलचक दंडवचने आहेत, ती दुबळ्या प्रजेने बलाढ्य शत्रूंना दिलेल्या शापांहून वेगळी आहेत का, आणि त्यांत 'गर्व' हाच अपराध पुन्हा पुन्हा का येतो, असे आपण विचारले आहे. मी मराठी पवित्र शास्त्र (बायबल) लहानपणापासून वाचत आलो आहे आणि गेली काही वर्षे हिब्रू मूळ पाठ शेजारी ठेवून वाचतो. ती वचने शाप नाहीत असे मी म्हणणार नाही, कारण त्यांतली काही निश्चितच शापासारखी आहेत. परंतु त्यांचा गाभा शापाचा नाही, असे माझे मत आहे.

यशयाचा दहावा अध्याय घ्यावा. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने शोमरोन ही राजधानी जिंकून उत्तरेचे इस्राएल राज्य संपवले आणि ७०१ मध्ये अश्शूरच्या सन्हेरीब राजाने यहूदा या दक्षिणेच्या राज्यावर स्वारी केली. या काळात यहूदाची राजधानी यरुशलेमेत राहणारा यशया अश्शूरविषयी जे पहिले वाक्य उच्चारतो ते शत्रूविषयीचे वाटतच नाही. अश्शूर ही परमेश्वराच्या क्रोधाची काठी आहे आणि ती आपल्याच लोकांवर उगारलेली आहे, कारण आपलेच लोक अधर्मी झाले आहेत, असे तो सांगतो. शाप देणारा माणूस शत्रूचा मार आपल्याला योग्यच आहे असे कधी कबूल करत नाही. यशया ते आधी कबूल करतो आणि मगच अश्शूरच्या अपराधाकडे वळतो. हा अपराध मारण्याचा नसून काठीने स्वतःला हात समजण्याचा आहे. अश्शूरचा राजा जिंकलेली नगरे मोजतो, कर्कमीश, हमाथ, अर्पाद, दिमिष्क, शोमरोन, आणि म्हणतो की पक्षिणीने टाकून दिलेली अंडी गोळा करावीत तशी मी सारी पृथ्वी गोळा केली. कोणी पंख हलवला नाही, कोणी चोच उघडली नाही. त्यावर संदेष्ट्याचा प्रश्न येतो: कुऱ्हाड तिने तोडणाऱ्यावर शेखी मिरवील काय?

या ठिकाणी एक गोष्ट मला नेहमी थांबवते. सन्हेरीबाने मातीच्या बहुकोनी स्तंभावर कोरून घेतलेला स्वारीचा वृत्तान्त आज उपलब्ध आहे. त्यात त्याने यहूदाची ४६ तटबंदीची नगरे घेतल्याचे आणि हिज्कीया राजाला यरुशलेमेत 'पिंजऱ्यातल्या पक्ष्याप्रमाणे' कोंडल्याचे लिहिले आहे. यशयाच्या ग्रंथात रिकामी केलेली घरटी आणि राजाच्या स्वतःच्या लेखात पिंजरा, असा हा पक्ष्यांच्या प्रतिमांचा मेळ योगायोगाचा असो वा नसो, संदेष्ट्याने अश्शूरी सत्तेची भाषा अचूक ओळखली होती एवढे त्यावरून दिसते. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की सन्हेरीब आपल्या लेखांत विजयाचे श्रेय अश्शूर या आपल्या दैवतालाही देतो. यशया मात्र ते श्रेय जमेस धरत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते दैवत म्हणजे साम्राज्याचाच मोठा केलेला चेहरा असावा.

यावरून 'गर्व' या शब्दाचा या ग्रंथांतला अर्थ स्पष्ट होतो. येथे उर्मट स्वभावाविषयी बोललेले नाही. कर्तेपणाच्या दाव्याविषयी बोललेले आहे. यहेज्केलाच्या ग्रंथात मिसराचा राजा फारो म्हणतो, नील नदी माझी आहे, ती मीच केली. व्यापाराने गबर झालेल्या सोराचा अधिपती म्हणतो, मी देव आहे, समुद्राच्या मध्यभागी देवाच्या आसनावर बसलो आहे. सफन्या या संदेष्ट्याच्या ग्रंथात अश्शूरची राजधानी निनवे नगरी आणि यशयाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात बाबेल ही दोघीही अगदी एकच वाक्य मनात बोलतात: 'अनी वे-अफ्सी ओद', म्हणजे मीच आहे, माझ्यावाचून दुसरे कोणी नाही. यशयाच्या ग्रंथात, त्याच भागाच्या आसपास, हेच विधान जवळजवळ याच शब्दांत परमेश्वर स्वतःविषयी करतो. दोन्ही वाक्ये एकापाठोपाठ वाचली की राष्ट्राने कोणाची जागा बळकावली आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. मराठी अनुवादात अर्थ नीट उतरतो, पण शब्दांचा हा प्रतिध्वनी सहज ऐकू येत नाही, म्हणून तो मुद्दाम दाखवून देत आहे.

आता शत्रुत्वाच्या प्रश्नाकडे येतो. हिब्रूत गर्वासाठी येणारा 'गाओन' हा शब्द वैभव या अर्थानेही वापरला जातो, आणि आमोस या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात परमेश्वर म्हणतो की याकोबाच्या, म्हणजे इस्राएलाच्या, 'गाओन'चा मला वीट आला आहे. म्हणजे तोच अपराध, तोच शब्द, आणि आरोपी स्वतःचे राष्ट्र. याच आमोसाने इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्यास उत्तरेच्या राज्यात जे भाषण केले, त्याची रचना पाहण्यासारखी आहे. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब अशी भोवतालची एकेक राष्ट्रे तो दोषी ठरवत जातो. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या असतील. मग यहूदा येते, आणि अखेरीस इस्राएल, ज्याची आरोपांची यादी सर्वांत लांब आहे: चांदीसाठी नीतिमानाला आणि एका जोड्यासाठी गरिबाला विकणारे लोक. त्यातही मवाबावरचा आरोप मला विशेष महत्त्वाचा वाटतो. मवाबाने अदोमाच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला, एवढाच तो आरोप आहे. यात इस्राएलाचे काहीही बिघडलेले नव्हते. उलट अदोम हा इस्राएलाचा जुना वैरी. तरीही त्या वैऱ्याच्या राजाच्या अस्थींची विटंबना परमेश्वराला सहन होत नाही. केवळ स्वतःच्या जखमेतून बोलणाऱ्याला हा आरोप सुचला नसता.

यशयाच्या सोळाव्या अध्यायात मवाबाच्या उद्‌ध्वस्त द्राक्षमळ्यांसाठी वक्ता स्वतः रडतो आणि आपले अंतःकरण वीणेसारखे कंप पावते असे म्हणतो. एकोणिसाव्या अध्यायात तर मिसराला 'माझे लोक' आणि अश्शूराला 'माझ्या हातचे कृत्य' म्हटले आहे, आणि इस्राएल त्यांच्या बरोबरीचा तिसरा आहे.

तरीही नहूम हा संदेष्टा आहे, आणि त्याला टाळून आपल्याला उत्तर देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. निनवे इ.स.पू. ६१२ मध्ये बाबेली आणि मेदी सैन्यांनी जमीनदोस्त केली. त्या विनाशाविषयीच्या त्याच्या तीन अध्यायांत अश्रू नाहीत. रथांचा खडखडाट आहे, प्रेतांचे ढीग आहेत, आणि शेवटी वार्ता ऐकून टाळ्या वाजवणारे लोक आहेत. मी हा ग्रंथ बराच काळ अस्वस्थपणे वाचत असे. अश्शूरी राजांनी आपल्या महालांच्या भिंतींवर, शत्रूंना खांबांवर चढवल्याची जी दृश्ये कोरून घेतली, ती छायाचित्रांत पाहिल्यानंतर त्या टाळ्या मला निदान समजू लागल्या.

परंतु ज्यांनी बारा लघुसंदेष्ट्यांचा, म्हणजे संदेष्ट्यांच्या बारा छोट्या ग्रंथांचा, संग्रह सिद्ध केला, त्यांनी त्यात निनवेविषयीचे दोन ग्रंथ ठेवले, आणि दोन्ही प्रश्नाने संपतात. नहूम निनवेला विचारतो: तुझ्या अखंड दुष्टतेचा घाला कोणावर पडला नाही? योनाच्या ग्रंथात मात्र परमेश्वर, निनवेचा नाश टळला म्हणून रुसून बसलेल्या आपल्याच संदेष्ट्याला, योनाला, विचारतो: उजव्याडाव्या हाताचा भेद न कळणारी १,२०,००० हून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे असलेल्या त्या मोठ्या निनवे नगरीची मी कीव करू नये काय? योनाने काय उत्तर दिले ते लिहिलेले नाही. योम किप्पूरच्या म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारी यहुदी सभास्थानांत आजही जो ग्रंथ वाचला जातो, तो हा दुसरा आहे.