डावखुरेपणा आणि घराण्यातला आजार

प्रश्न : माझ्या मोठ्या दिरांना स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार आहे, औषधांवर ते स्थिर आहेत. माझा सहा वर्षांचा मुलगा डावखुरा आहे. 'याच्या मेंदूची बाजू उलटी आहे, काकाचाच वारसा आलाय,' असे म्हणून सासूबाई पोहे खातानाही त्याच्या हातातला चमचा काढून उजव्या हातात देतात. ही भीती खरी आहे का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : सासूबाईंनी मुलाची फार वर्षे काळजी वाहिली आहे, त्यामुळे त्यांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही; पण चमचा मुलाच्या डाव्या हातातच राहू द्यावा. शंभरातली सुमारे दहा माणसे डावखुरी असतात, आणि त्यांच्यापैकीही बहुतेकांचे भाषेचे केंद्र उजव्यांप्रमाणेच मेंदूच्या डाव्या गोलार्धात असते. १८६१ साली फ्रेंच वैद्य पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या पुढच्या भागाची इजा दाखवली, तेव्हापासून दोन गोलार्धांतल्या फरकांचा अभ्यास सुरू आहे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत डावखुऱ्यांचे प्रमाण थोडे अधिक आढळते आणि गोलार्धांतले नेहमीचे फरकही काहीसे पुसट झालेले दिसतात, हे खरे. मात्र हे फरक मोठ्या गटांच्या सरासरीत दिसणारे, अगदी बारीक आहेत, आणि त्यांवरून एखाद्या मुलाचे भविष्य सांगता येत नाही. हा आजार सुमारे शंभरात एकाला होतो, म्हणजे डावखुऱ्यांपैकी बहुसंख्य माणसांना तो कधीच होत नाही.

आता वारशाविषयी. या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, परंतु तो एका जनुकाचा नसून अल्प परिणाम करणाऱ्या असंख्य जनुकीय फरकांचा मिळून बनतो, आणि जुळ्या एकसारख्या भावंडांपैकी एकाला आजार झाला तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसरे त्यातून सुटते. सख्ख्या काकांना आजार असेल तर पुतण्याची जोखीम साधारण शंभरात तीन-चार, म्हणजे सर्वसामान्यांपेक्षा अधिक, पण शंभरातले शहाण्णव निरोगीच. हात बदलायला लावून यातला एक आकडाही बदलत नाही. उलट लिहिताना अडखळणारे, सारखे टोकले जाणारे मूल मात्र कष्टी होते.

खरी दक्षता मुलगा पंधरा-सोळाचा झाल्यावर घ्यायची आहे, कारण गांजा आणि भांग कोवळ्या वयात घेतल्यास मनोविकृतीची, म्हणजे स्किझोफ्रेनियासारख्या भास-भ्रमाच्या आजारांची, जोखीम वाढते, आणि ज्या घरात आजार आहे तिथे विशेष. आपल्याकडे माळव्यात महाशिवरात्रीला, होळीला भांग प्रसाद म्हणून सहज पुढे येते. त्याला ती देऊ नये, हे घरातल्या सर्वांनी आताच ठरवून ठेवावे.