पापुद्रे सुटणाऱ्या पट्ट्या

प्रश्न : पॉलिप्रॉपिलीनची झाकणं आणि एचडीपीईच्या (जास्त घनतेच्या पॉलिएथिलीनच्या) बाटल्या एकत्र वितळवून साच्यातून पट्ट्या काढल्या. वाकवल्या की पापुद्रे सुटतात. दोन्ही प्लास्टिकं नुसत्या कार्बन-हायड्रोजनची, एकाच कुळातली. मग एकजीव का होत नाहीत? सावकाश थंड केलं तर जमेल का?

उत्तर : कुळावर जाऊ नका, मीही फसले होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी हेच मिश्रण माझ्या हाती आलं. दोन काचांमध्ये त्याची पातळ चकती धरून सूक्ष्मदर्शकाखाली 200 अंश सेल्सियसला वितळवली, मग 135 वर आणून थांबले. ध्रुवित प्रकाशात द्रव काळा दिसतो, स्फटिक उजळ; म्हणून आधी सगळा काळोख. हळूहळू पॉलिप्रॉपिलीनचे गोल स्फटिकपुंज, म्हणजे स्फेरुलाइट, उमलू लागले. प्रत्येकावर एक काळी फुली. पण त्यांच्या उजळ अंगात काळे ठिपके तसेच राहिले. मला वाटलं हवेचे बुडबुडे. नमुना टाकूनच देणार होते! तापमान 120 च्या खाली उतरलं आणि ठिपके भराभर उजळले. ते पॉलिएथिलीनचे थेंब होते. तोवर द्रवच होते, वाढत्या स्फटिकाने त्यांना तसंच गिळलं होतं.

म्हणजे ही दोघं वितळलेली असतानाच वेगळी होती. लहान रेणू मिसळले की त्यांना मांडणीच्या असंख्य नव्या तऱ्हा मिळतात. प्लास्टिकचा रेणू म्हणजे हजारो दुव्यांची साखळी; तिला ती मोकळीक जवळजवळ मिळतच नाही. मग किंचित नावडही फारकतीला पुरते. थंड होताना दोघंही आपापल्या साखळ्यांच्या घड्या घालून साधारण 10 नॅनोमीटर जाडीचे थर रचतात. सीमा ओलांडून पलीकडे अडकणाऱ्या साखळ्या अगदी थोड्या, म्हणून भेग सीमेवरूनच धावते. साच्यात दाबाने भरताना थेंब ताणून चपटे झाले, तेच तुमचे पापुद्रे.

सावकाश थंड कराल तर उलट बिघडेल. थेंबांना एकमेकांत मिळून मोठं व्हायला वेळ मिळेल, स्फेरुलाइटही मोठे होतील. खरा उपाय म्हणजे दुवा: एक तुकडा पॉलिएथिलीनचा, एक पॉलिप्रॉपिलीनचा, अशी आलटून पालटून जोडलेली साखळी. 2017 साली कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांतल्या संशोधकांनी दाखवलं की अशी साखळी 1 टक्का घातली तरी मिश्रण चिवट होतं. विक्रेता मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन पुढे करेल. ते घेऊ नका. ते पॉलिप्रॉपिलीनचं नायलॉनशी जुळवायला असतं.