फ्रेंच चित्रकार मातिसच्या ‘द ग्रीन स्ट्राइप’ (हिरवा पट्टा) या चित्रातल्या बाईच्या नाकावर हिरवा पट्टा का आहे? ती आजारी की दुःखी?

दोन्ही नाही. आँरी मातिसने 1905 मध्ये आपल्या पत्नीचं, आमेलीचं, हे चित्र काढलं. हिरवा म्हणजे मत्सर, निळा म्हणजे उदासी, असा कोश घेऊन बसलात तर चित्र हातचं जाईल. पट्टा नीट पाहा: कपाळावरून नाकावर उतरतो आणि चेहऱ्याचे दोन भाग करतो, एक पिवळसर, दुसरा गुलाबी. एरवी हे काम सावली करते. इथे ते रंगाने केलंय. म्हणूनच नाकाला उठाव येतो.

मग भाव कुठे? मला तो मिटलेल्या ओठांत आणि स्थिर नजरेत दिसतो. भोवती रंगांचा एवढा कल्लोळ, आणि ती मात्र ठाम. पट्टा क्षणभर बोटाने झाकून बघा, चेहरा लगेच सपाट वाटायला लागतो.