डिसेंबरातही कपाळावर घाम

नागपुरात मे महिन्यात घामाची तक्रार केली तर कोण ऐकून घेईल? हा २६ वर्षांचा मुलगा आला तो ऐन थंडीत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पतसंस्थेत काउंटरवर बसतो, वसुलीलाही फिरतो. शेजारचे स्वेटर घालून, आणि याच्या कपाळावरचा घाम टपकन ग्राहकाच्या पासबुकावर. शिक्क्याची शाई पसरलीच. सोबत आई. "मॅडम, याले जरा समजावा न. उगाच घाबरते, म्हून घाम येते."

मी मनाच्या तक्रारी पाहते; घाम मनाचा की शरीराचा, हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. झोपेत येतो का, विचारलं. नाही. कधीपासून? शाळेपासून, परीक्षेत कपाळावरच्या घामानं उत्तरपत्रिका भिजू नये म्हणून रुमाल हाताशी ठेवायचा. घरात आणखी कुणाला? आई जरा थांबून म्हणाली, "याच्या मामाले."

लहानपणापासूनचा, झोपेत थांबणारा, घराण्यात असलेला घाम नुसत्या भित्रेपणाचा नसतो. घर्मग्रंथींना चेतवणाऱ्या नसाच जास्त जोमानं काम करतात. भीती त्यात भर घालते, एवढंच. तरी मी आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. मोठेपणी अचानक सुरू झालेला, रात्री अंथरूण भिजवणारा, ताप किंवा वजन घटण्यासोबतचा घाम असेल तर थायरॉइड, साखर, क्षयरोग तपासावा लागतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही घाम वाढतो. याचे रिपोर्ट नॉर्मल आले.

घाम काखेतही यायचा, त्यासाठी २० टक्के अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण मिळालं. ते रात्री, पूर्ण कोरड्या त्वचेवर लावून सकाळी धुवायचं असतं. साहेब सकाळी आंघोळ करून ओल्या अंगाला लावायचे, मग आग-आग! चेहऱ्यासाठी ग्लायकोपायरोलेटचं लावायचं औषध, डोळ्यांपासून लांब ठेवून. तळहात-तळपायांना घाम असता तर पाण्यातून सौम्य विद्युतप्रवाह देण्याचा उपचारही होता. बोटॉक्सच्या इंजेक्शनचा परिणाम काही महिने टिकतो, पण खर्चिक, आणि कपाळावर दिलं तर भुवई उतरण्याची शक्यता. पोटातून घ्यायच्या गोळ्यांनी सगळ्या अंगाचा घाम कमी होतो, तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते. शिवाय अंग थंड करायची सोयच कमी होते. ४५ अंशांच्या उन्हात दुचाकीवर वसुलीला फिरणाऱ्याला ते परवडणारं नाही. उन्हाळ्यात गोळी नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

त्याला हवी होती शस्त्रक्रिया. व्हिडिओ पाहून आला होता. छातीतली नस कापली की चेहरा कोरडा होतो, हे खरं. पण मग पुष्कळांना पाठ, पोट, मांड्यांना धो-धो घाम सुटतो, आणि कापलेली नस पूर्ववत होईल याचा भरवसा नाही. सगळं करून थकल्याशिवाय तिकडे वळू नये, हे माझं ठाम मत.

माझं काम वेगळं होतं. लग्नाच्या पंगती, ग्रुप फोटो, ऑफिसचा चहा, सगळं त्यानं सोडलेलं. आम्ही चहापासून सुरुवात केली. मग काउंटरवर लपूनछपून पुसण्याऐवजी सरळ सांगायचं: "मला घाम जास्त येतो, एक मिनिट." पहिल्यांदा म्हणाला तेव्हा समोरचे काका बोलले, "ते राहू द्या जी, व्याज किती जमा झालं ते सांगा."

घाम पुरता थांबलेला नाही. खिशात रुमाल असतोच, पण तो पंगतीला बसू लागलाय. मुलगी पाहायला जाण्याचं मात्र अजून भिजत घोंगडं आहे. आई दर भेटीला तोच विषय काढते.