हेदवीला जाण्याआधी हेदवी पाहू नका

प्रिय ताई,

आम्ही पार्ल्यात राहतो. मी बँकेत नोकरी करते, वय ४६. घरात हे, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेली मुलगी आणि सासूबाई. वर्षातून एकदाच सगळ्यांची सुट्टी जुळते. गेल्या दिवाळीत मालवणला गेलो. त्याआधी महिनाभर रोज रात्री जेवणं झाली की टीव्हीवर मालवणचेच व्हिडिओ. खोलीतल्या उश्या कशा आहेत इथपर्यंत बघून झालं होतं. सिंधुदुर्गाला होडी लागायच्या आधीच मुलगी म्हणाली, "दरवाजा इथून दिसत नाही, जवळ गेलं की दिसतो, बघितलंय मी." खानावळीत ताटं आली आणि पुण्याहून नणंदबाईंचा फॅमिली ग्रुपवर मेसेज, "तिथे कशाला बसलात? शेजारच्याला जास्त स्टार आहेत." यांचं तोंडच उतरलं. परत आल्यावर खाजाचं पाकीट घेऊन शेजारच्या वहिनींना भेटले. त्या लिफ्टमध्ये शिरता शिरता म्हणाल्या, "बघितलं हो सगळं स्टेटसवर, मस्त झाली ट्रिप." दार लागलं. मला सांगायला काही उरलंच नव्हतं. खरी मजा केली ती सासूबाईंनी. समुद्रातल्या किल्ल्यात गोड पाणी कसं, म्हणून होडीवाल्याला विचारून विचारून भंडावलं त्यांनी.

यंदा भाऊबीज झाली की गुहागर, हेदवी. व्हिडिओ सुरू झालेत. सगळ्यांचे फोन घरी ठेवायला लावू का? मुलगी म्हणते, मी जुनाट आहे.

– पार्ल्याची एक वाचक

सप्रेम नमस्कार.

तुम्ही जुनाट नाही. पण फोन घरी ठेवायला लावू नका. सोबत वयस्कर सासूबाई आहेत, आडबाजूच्या गावात राहायचंय, रात्री-अपरात्री डॉक्टर शोधायची वेळ येऊ शकते. आणि बंदी घातलीत तर चारही दिवस घरात एकच विषय राहील, तो म्हणजे फोन. मुलगी रुसेल, हे तिची बाजू घेतील, आणि समुद्राकडे कुणाचं लक्षच जाणार नाही.

सिंधुदुर्गाच्या दरवाजाची तुमची ओळ मला फार लागली. १६६४ मध्ये महाराजांनी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. त्याचं प्रवेशद्वार बुरुजांच्या आड असं वळवून बांधलंय की समुद्रातून येणाऱ्याला ते दिसू नये. होडीतून नुसता सलग तट दिसतो. आत शिरायचं कुठून, हा प्रश्न पडतो आणि अगदी जवळ गेल्यावर दार सापडतं. साडेतीनशे वर्षं या दाराने येणाऱ्याला चकवलं. तुमच्या मुलीला मात्र कुणीतरी हातात कॅमेरा धरून पार्ल्यातल्या दिवाणखान्यातूनच आत नेऊन आणलं होतं. तिचा काही दोष नाही. पण तो क्षण तिच्या वाट्याला आला नाही, आणि आता पुन्हा गेली तरी येणार नाही. सासूबाईंच्या वाट्याला तो आला. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी त्यांनी आधी पडद्यावर पाहिल्याच नव्हत्या, म्हणून चारी बाजूंनी खारं पाणी असताना मधल्या विहिरीला गोडं पाणी बघून त्यांना प्रश्न पडला, प्रश्न पडला म्हणून त्या होडीवाल्याशी बोलल्या, आणि बोलल्या म्हणून त्यांना तो माणूसही आठवत असणार. तुम्हाला खटकतंय ते हेच. आधी सगळं बघून गेलं की विचारायला काही राहत नाही, आणि विचारायला काही नसलं की त्या गावातल्या माणसांशी आपली गाठच पडत नाही.

आता तुमच्या यजमानांच्या बाजूने थोडं बोलते.

नेदरलँड्समधल्या दीड हजार लोकांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सुट्टीला जाणारी माणसं निघायच्या आधीच इतरांपेक्षा जास्त आनंदात होती, आणि परतल्यावर मात्र बहुतेकांचा आनंद घरी राहिलेल्यांइतकाच होता. म्हणजे वाट बघण्यात सहलीचं फार मोठं सुख असतं. महिनाभर रात्री टीव्हीसमोर बसून यजमान जे करत होते, ती त्यांची वाट बघण्याची रीत आहे. ते सुख हिरावून घेऊ नका. शिवाय मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाच्या मनात एक भीती असते, ती समजून घ्या. वर्षभर विरार आणि चर्चगेट लोकलचे धक्के खाऊन, साहेबाची मनधरणी करून चार दिवस मिळालेत, ते वाया गेले तर? खोली घाणेरडी निघाली तर? आईला कमोड लागतो, तो नसला तर? व्हिडिओ बघणं हा त्या भीतीवरचा उतारा आहे. काही माहिती न काढता निघायचे ते दिवस सगळेच रम्य नव्हते. बायकांचे त्यात विशेष हाल व्हायचे. कडी न लागणारं न्हाणीघर आणि गावाबाहेरचा संडास यांच्या आठवणीने मला आजही गहिवरून येत नाही. आज एकटी बाई किंवा दोघी मैत्रिणी कोकणात निर्धास्त जाऊ शकतात, त्यात आधी जाऊन आलेल्या बायकांनी लिहून ठेवलेल्या चार ओळींचा मोठा हात आहे.

तेव्हा त्यांना काम वाटून द्या. तिकिटं, खोली, कमोड, तळमजला, गरम पाणी, जवळचा दवाखाना, हे त्यांनी हवं तितकं तपासावं. कोकण रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं, १२० नाही, आणि दिवाळीची तिकिटं बघता बघता संपतात, तेव्हा त्यांच्या काटेकोरपणाचा उपयोगच आहे. मांडवी एक्सप्रेस मिळाली तर उत्तम. सकाळी दादरला बसलात की दुपारपर्यंत चिपळूण, आणि सगळा प्रवास उजेडात. पण गुहागरचा किनारा, वेळणेश्वर, हेदवी यांचे व्हिडिओ आजपासून बंद. हे सांगताना "तुम्ही सगळी मजा घालवता" असं म्हणू नका. "राहायचं-खायचं सगळं तुम्ही बघा, मला कशाची चिंता नको. पण हेदवी मला तुमच्याबरोबर पहिल्यांदा बघायचीय," असं म्हणा. हा हट्ट त्यांना ऐकायला आवडेल.

हेदवीचंच नाव मी मुद्दाम घेतलं. तिथे उमा-महेश्वराच्या देवळाजवळ किनाऱ्यावरच्या खडकात एक अरुंद घळ आहे, बामणघळ. भरतीचं पाणी त्या चिंचोळ्या फटीत घुसतं, पुढे जायला जागा मिळत नाही, म्हणून धाडकन वर उसळतं. हे एवढं मी सांगितलं, याहून जास्त बघू नका. कारण व्हिडिओत दिसते ती कुणीतरी तासभर थांबून पकडलेली सगळ्यात उंच उसळी. तीच डोळ्यात ठेवून ओहोटीच्या वेळी तिथे पोचलात तर समोर कोरडी फट असते आणि मुलगी म्हणते, "एवढंच?" ते न बघता गेलेला माणूस आधी नुसता आवाज ऐकतो आणि दचकतो. मग पुढची लाट किती उसळेल, याचा अंदाज बांधत उभा राहतो. लाटेचा नेम नसतो, म्हणून तर उभं राहायचं. वीस मिनिटं काहीच होणार नाही, आणि कुणीतरी कंटाळून पाठ फिरवली की अंगावर पाणी येईल.

भरतीची वेळ मोबाइलवर मिळते. पण हे काम सासूबाईंना द्या. आपल्या किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. भाऊबीज म्हणजे द्वितीया, तेव्हा दीडच्या सुमाराला. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार. थोडं मागेपुढे होतं, म्हणून तिथल्या कुणालातरी विचारून घ्यायचंच. कालनिर्णय घेऊन बसू देत त्यांना, आणि नातीने मोबाइलवर ताडून बघू दे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघालात तर चतुर्थीला हेदवीत असाल. ती विनायकी चतुर्थी, आणि हेदवीला दशभुज गणेशाचं देऊळ आहे. सासूबाईंना हे मी सांगायची गरज नाही, तुम्ही तारीख सांगितलीत की त्याच सांगतील.

मुलीचं जरा नाजूक आहे. ती दिखाऊ आहे असं मनात आणू नका. तिच्या वयात मैत्रिणी हेच घर असतं आणि ते घर फोनमध्ये आहे. फोटो काढू नको, असंही म्हणू नका. फोटो काढल्याने उलट लक्ष जास्त लागतं आणि आनंद वाढतो, असं ख्रिस्टिन डील, गॅल झाउबरमन आणि ॲलिक्सँड्रा बराश या संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं होतं. त्याच तिघांनी २०१८ मध्ये पुढचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो तिला जरूर सांगा. स्वतःपाशी ठेवायला फोटो काढणाऱ्यांपेक्षा समाजमाध्यमांवर टाकायला फोटो काढणाऱ्यांना त्याच अनुभवाची मजा कमी आली. आपण कसे दिसू, लोक काय म्हणतील, हा विचार त्यांच्या मनात फोटो काढतानाच शिरला होता. म्हणजे हेदवीच्या खडकावर ती उभी असेल तेव्हा तिच्या शेजारी तिचे सगळे फॉलोअर्सही उभे असतील, आणि ती लाटेकडे बघताना अर्धं लक्ष त्यांच्याकडे ठेवेल. तिला एवढंच मागा: हवे तेवढे फोटो काढ, पण टाक पार्ल्याला परतल्यावर. एखाद्या जिवलग मैत्रिणीला तिथूनच एखादा फोटो पाठवायचा असेल तर पाठवू दे. तुम्ही तपासायला जाऊ नका. ती नाहीच म्हणाली तर पहिले दोन दिवस तरी, एवढ्यावर तडजोड करा. घर बंद असताना "आम्ही गुहागरला" असं जगाला सांगू नये, हे कारण यांना पटेल. तिला ते पटवायचं काम त्यांच्यावर सोडा.

नणंदबाईंना निघायच्या आदल्या दिवशी फोन करा. ग्रुपवर नको, फोन. "पोचलो की कळवू, मग चार दिवस आम्ही ग्रुपवर दिसणार नाही, तुम्हाला सगळं पुण्याला येऊन सांगू." त्यांना वाईट वाटणार नाही. त्यांनी स्टार मोजले ते काळजीपोटीच. पण पानावर बसलेल्या माणसाला शेजारचं पान जास्त चांगलं आहे असं कुणी सांगू नये, आणि ते पान आपल्याला दिसलंच नाही की सांगायचा मोहही होत नाही.

आणि आता ती लिफ्ट.

पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटलं की तुमचं खरं दुःख इथे आहे. व्हिडिओ, फोन, नणंदबाई हे सगळं त्याच्या अलीकडचं. तुम्ही चार दिवस बाहेर जाऊन आलात, पाकीट घेऊन उभ्या राहिलात आणि "काय काय केलंत?" असं कुणी विचारलं नाही. चाळीत किंवा जुन्या बिल्डिंगमध्ये वाढलेल्या प्रत्येकाला आठवत असेल, गावाहून आलेल्या माणसाची पिशवी जिन्यातच अडवली जायची. फणस पिकला का, पाऊस कसा होता, गाडीला गर्दी होती का, आणि सांगणाऱ्याने तिखटमीठ लावून सांगायचं. त्या सांगण्यात सहल दुसऱ्यांदा व्हायची. फजितीच्या गोष्टी तर खास तिथल्याच, त्या फोटोत कधी येतच नाहीत. तुमच्या घरी झालं असं की पंगत बसायच्या आधीच सगळ्यांनी पातेल्यातून चाखून चाखून भाजी संपवली. वहिनींचं पोट भरलं होतं, त्यांनी काय विचारायचं? त्या तुटकपणाने वागल्या नाहीत. आपण सगळं बघितलंय असं त्यांना मनापासून वाटत होतं. होडीवाल्याने सासूबाईंना काय उत्तर दिलं, हे मात्र त्यांना ठाऊक नाही. ते स्टेटसवर नव्हतं. खरं तर तुम्ही मलाही ते लिहिलेलं नाही, आणि मला ते जाणून घ्यायची फार इच्छा आहे.

म्हणून यंदा काहीही टाकायच्या आधी, परतल्याच्या पहिल्या रविवारी वहिनींना चहाला बोलवा. पाकीट दारात देऊ नका, बशीत काढून समोर ठेवा. मुलीला म्हणावं, फोटो तू दाखव, एकेक करून, आजी सांगेल. तासभर बसू देत. त्याच संध्याकाळी मुलीने हवं ते टाकावं, कुणी अडवू नये. आणि वहिनी त्यांच्या सहलीहून आल्या की तुम्ही त्यांना विचारा. त्यांचं स्टेटस तुम्ही पाहिलेलं असलं तरी विचारा, "जेवण कुठे केलंत? कोण भेटलं?" त्यांना सांगायला आवडेल. विचारायची सवय तुमच्या मजल्यावरून गेलीय, ती कुणीतरी सुरू करावी लागेल आणि पत्र तुम्ही लिहिलंय, तेव्हा तुम्हीच करा.

हे चार दिवस तुम्ही म्हणाल तसेच जातील असं नाही. यांना दुसऱ्या दिवशी चैन पडणार नाही, कुठे काय चांगलं मिळतं म्हणून ते फोन काढतील. काढू देत. टोकू नका. एक दुपार तरी काही न ठरवता ठेवा आणि ज्यांच्या घरी उतराल त्या काकूंनाच विचारा, "आज कुठे जाऊ?" गुहागरात पोफळीच्या वाड्यांमधून समुद्राकडे जाणाऱ्या वाटा आहेत, तेवढ्यानेही दुपार सरते.

बामणघळीपाशी खडक शेवाळाने निसरडे असतात. सासूबाईंना आणि मुलीलाही काठापासून लांबच उभं करा, फोटोसाठी कुणी पुढे सरकू नये. सपाट तळव्याच्या चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. आणि होडीवाल्याचं उत्तर मला कळवा.

तुमची,
ताई